तुझ्या अंतिम इच्छांविषयी

दिगंबर,

प्रत्येक माणूस जाताना एक अंतिम इच्छा मागे ठेवून जातो आणि ती पूर्ण करणं हे मागे राहिलेल्यांचं पवित्र कर्तव्य असतं. तुझ्या चार निघाल्या. तेरवीपर्यंत चार होत्या, नंतर मी लक्ष देणं सोडलं. सरपंचांच्या मते मेडशीला भव्य प्रवेशद्वार व्हावं ही तुझी अंतिम इच्छा होती. शाळा समितीच्या अध्यक्षांच्या मते शाळेला सभागृह व्हावं आणि त्याला अध्यक्षांच्या वडिलांचं नाव द्यावं. तुझ्या मावसभावाला तू म्हणे शेवटच्या भेटीत सांगितलं होतंस, की धुऱ्याचा, शेताच्या बांधाचा, वाद आता मिटवून टाका. आणि तो मिटवायचा कसा, हेही मावसभावालाच माहीत आहे. चौथी इच्छा गावात सगळ्यांना पाठ होती: तुझ्या ऋतुजानं उपजिल्हाधिकारी व्हावं.

तू शाळेच्या व्हरांड्यात छातीवर हात ठेवून बसलास आणि अकोल्याच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेलास. एवढ्यात चार इच्छा सांगायला तुला वेळ कुठे मिळाला, ते मला अजून कळलेलं नाही. तू लांबलचक बोलायचास हे खरं. पण तुला प्रस्तावनेलाच पंधरा मिनिटं लागायची.

शाळा तुझी स्मरणिका काढते आहे. माझ्याकडून 'गुरुजी : एक दीपस्तंभ' या शीर्षकाचा लेख मागितला आहे. शीर्षक त्यांनीच दिलं, म्हणजे मला विचार करायला नको. दीपस्तंभ मी जवळून पाहिलेला नाही. तूही नाहीस. आपल्याला समुद्र एकदाच दिसला, शाळेच्या सहलीत मला तू ओढून नेलंस तेव्हा, आणि त्या वेळी तू समुद्राकडे पाठ करून मुलं मोजत होतास. म्हणून तो लेख मी लिहिणार नाही. त्याऐवजी तुझ्याशीच बोलतो. त्यांना छापायचं असेल तर छापोत. प्रवेशद्वाराचा परिच्छेद ते गाळतील, एवढं मला ठाऊक आहे.

थकलोय रे. तू गेल्यापासून तुझ्याबद्दल इतकं ऐकलं, की मधूनमधून शंका येते, आपण एकाच माणसाला ओळखत होतो ना. ज्यानं त्यानं आपला दिगंबर गुरुजी करून घेतला आहे. त्यातला एकही माझ्याशी भांडत नाही. त्यामुळे करमत नाही.

आपण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा करिअर हा शब्द वाशिमपर्यंत आला नव्हता. नोकरी होती आणि ती लागायची, ऊन लागतं तशी. ज्याला लागायची त्याला लागायची. मी कॉलेजच्या पायऱ्यांवर 'पुढे काय' याचा विचार करत बसलेला असायचो, म्हणजे खरं तर काहीतरी वाचत असायचो. तू एक दिवस माझ्या हातातलं पुस्तक मिटलंस आणि म्हणालास, "अरुण्या, तू दिवसभर वाचतच राह्यतं. याचे कोनी पैसे देते का, थे तं पाह्य." मी काही पाहिलं नाही. तूच पाहिलंस. ग्रंथालयशास्त्र नावाचं काही असतं आणि ते अमरावतीला शिकवतात, ही बातमी तूच आणलीस, आणि माझ्या वडिलांना समजावायलाही तूच आलास. "काका, हे मास्तरकीसारखंच हाय. फक्त याच्यात पोट्टे नसतात." वडिलांना ते एकदम पटलं. आपल्या वाशिमकडच्या मालेगावात, कॉलेजच्या ग्रंथालयात, तेव्हापासून मी तुझ्या त्या एका वाक्यावर जेवतो आहे. याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. मानले असते तर तू उत्तरादाखल भाषण केलं असतंस, म्हणून टाळत आलो.

तुला स्वतःला रेडिओवर निवेदक व्हायचं होतं. आवाज होताच तसा. तू आवाजाच्या चाचणीला गेलासही. तिथे तुला पुराची बातमी वाचायला दिली आणि तू ती अशी वाचलीस, की पुराचा नागरी सत्कार चालला आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं. हे तूच मला हसून सांगितलंस. मग बी.एड. केलंस, मेडशीला शिक्षक झालास, आणि त्या आवाजानं पुढे खरोखरच तालुक्यातला प्रत्येक सत्कार वाचलास. वाढदिवस, निवृत्ती, ट्रॅक्टर खरेदी, सोसायटीची निवडणूक. 'ज्यांच्या पदस्पर्शानं ही भूमी पावन झाली' हे वाक्य तू एकाच आठवड्यात एका आमदाराला आणि एका पाणबुडी मोटारीच्या विक्रेत्याला वापरलंस. मी समोरच्या खुर्चीत बसून तुझ्याकडे बघायचो. तू माझ्याकडे बघायचं टाळायचास.

या सगळ्यात तुझं चुकतं कुठे, हे मी तुला अनेकदा सांगितलं. तू म्हणायचास, "तुले काय जाते बाप्पा? एक शाल, एक नारळ. मानूस घरी जाऊन चार दिवस खुश राह्यते." पण शाल-नारळानं माणूस नेहमी चार दिवस खूशच राहतो असं नाही. कधी तो त्या शालीत अडकतो. ते आपण तुझ्याच घरात पाहिलं.

दिवाळीच्या आसपास ऋतुजा राज्यसेवेची पूर्व परीक्षा पास झाली. पूर्व म्हणजे परीक्षेला बसू द्यायचं की नाही, हे ठरवणारी परीक्षा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली पोरगी कॉलेज सांभाळून त्यात पास झाली, हे कौतुकाचंच होतं. घरात पेढे वाटून भागलं असतं. पण आपल्या भागात पूर्वला सत्कार आणि मुख्यला मोठा सत्कार असा रिवाज पडला आहे. नापास झाल्याचा मात्र कुठलाच कार्यक्रम नसतो, त्यामुळे थांबायचं कधी हे कोणाला कळत नाही. माझ्या ग्रंथालयात असे भावी अधिकारी रोज येतात. काहींच्या कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं आहे. त्यातला एकजण मला म्हणाला होता, "सर, पुण्याची खोली सोडून गावात कसा जाऊ? फ्लेक्स उतरला, पन गावाले थो पाठ हाय." हे मी तुला सांगितलंही होतं. तू 'हं' म्हणालास आणि ऋतुजाच्या सत्काराला प्रमुख पाहुणा कोण बोलवावा ते विचारलंस.

मिरवणूक निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची टाकून पोरीला बसवलं. गुलालानं तिचे डोळे लाल झाले होते, आणि गुलालाच्या आधीही ते फारसे कोरडे नव्हते असं मला वाटलं. फाट्यावर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर तिचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा घाबरलेला फोटो आणि खाली 'भावी उपजिल्हाधिकारी'. खाली शुभेच्छुकांचे चेहरे तिच्यापेक्षा जास्त जागा घेऊन होते. मी तुला विचारलं, "लेका, 'पूर्व उत्तीर्ण' एवढंच लिहिलं असतं तर?" तू म्हणालास, "जागा उरत व्हती."

त्या संध्याकाळी तू सूत्रसंचालन करत होतास आणि सत्कारमूर्ती तुझीच लेक होती. तुझा आवाज एकदा फाटला. इतक्या वर्षांत तुझं एक वाक्य अर्धवट राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या वाक्याबद्दल मी तुला कधीच काही म्हटलं नाही. ते चांगलं वाक्य होतं.

नंतर आठवडाभरातच एक म्हातारबुवा पांदण रस्त्याचा अर्ज घेऊन तुझ्या घरी आले. शेजाऱ्यानं पांदण नांगरून टाकली होती. "ताई, आता तुमीच पाहा." ऋतुजाच्या हातात तेव्हा प्राणिशास्त्राचं जर्नल होतं. तिनं बुवांना बसवलं, पाणी दिलं, अर्ज पूर्ण वाचला आणि तहसीलमध्ये कोणत्या टेबलाला जायचं ते सांगितलं. तू ही गोष्ट मला फोनवर तीनदा सांगितलीस. "पाह्यलं का? आत्तापासूनच!" मला त्यात वेगळंच दिसलं. ती बुवांना खोटं आश्वासन देऊ शकली नाही. या खात्यात खोटं आश्वासन तरी देता यायला हवं, असं मी म्हणालो. तू रागानं फोन ठेवलास.

मग ती ग्रंथालयात आली. दुपार होती, वाचनकक्षात दोघे भावी झोपले होते. माझ्या टेबलासमोर बसून तिनं दप्तराची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"काका, मले मुख्य नाई द्याची."

मी म्हटलं, "बरं."

"बरं काय? काहून ते तं इचारा."

"काहून?"

तिनं सांगितलं. मागच्या हिवाळ्यात ती कॉलेजच्या प्रकल्पासाठी आसेगावला जात होती, हे मला माहीत होतं. तिथे एका शेतकऱ्यानं बियाण्यासाठी कांदा लावला होता. कांद्याला गोंडे आले, फुलं आली, की त्यावर मधमाशी फिरावी लागते, नाहीतर बी धरत नाही. त्यानं दुसऱ्या जिल्ह्यातून मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणल्या होत्या. प्रकल्प संपला तरी ती महिनाभर जात राहिली. आपल्याकडे कांद्याचं बी इतके लोक लावतात, पेट्या मात्र बाहेरून येतात आणि वेळेवर येत नाहीत. तिला पेट्या ठेवायच्या होत्या. डिग्री झाली की तेच करायचं होतं. त्याआधी या मोसमात चार-दोन पेट्या ठेवून पाहायच्या होत्या.

मी मध फक्त खोकल्यात घेतो. मधमाशीबद्दल माझं मत तेवढंच आहे. मी विचारलं, "जमेल?"

"जमन का नाई, मले माईत नाई. माश्या मरतात बी, उडून बी जातात. कोनी फवारनी केली तं सगळा खेळ खतम. पन मुख्यचं मले माईत हाय काका. थे मले नाई पाह्यजे. मी पास झाली तरी नाई पाह्यजे."

"मग पूर्व कशाला दिलीस?"

"बाबा म्हने, देऊन पाह्य. म्या देऊन पाह्यलं." मग म्हणाली, "पास होईन असं वाटलं नव्हतं ना."

मी तिला विचारलं, हे बाबांना का सांगत नाहीस. ती म्हणाली, "मी उपजिल्हाधिकारी व्हनार, हे माईकवर सांगतलं ना त्याइनं. घरात सांगतलं असतं तं मी भांडली असती." बाप घरात बोलला तर लेक भांडू शकते, बाप गावासमोर बोलला तर तिनं भांडायचं कोणाशी? तुझ्या सगळ्या भाषणांवर इतकी नेमकी टीका मलाही कधी जमली नाही. "तुमी बोला ना त्याइच्याशी," ती म्हणाली. "तुमी तसेही भांडतच असता."

म्हणून मी तुला मालेगावच्या बस स्टँडवर चहाला बोलावलं. तू शाळा सुटल्यावर आलास. मी सगळं सांगितलं, मधे काही न गाळता. तू बशीत चहा ओतलास आणि तो निवू दिलास. नंतर बोललास ते टपरीवाल्यानंही ऐकलं.

"माश्या? माह्यी पोरगी माश्या पाळन? लोकाइले काय सांगू मी?"

"लोकांना तू काय काय सांगतोस ते मी ऐकतो ना. हेही सांगशील."

"तुले मजाक सुचते. तुह्यी पोरगी असती तं?"

"तर मी तिला ट्रॉलीत बसवलं नसतं."

तो घाव होता आणि मी तो मुद्दाम घातला. मग मी आणखी एक घातला. म्हटलं, तुलाही रेडिओत जायचं होतं, आठवतं ना. मला वाटलं, आता तू चिडशील. तू चिडला नाहीस. तू अगदी साध्या आवाजात बोललास. तो तुझा साधा आवाज फार थोड्या लोकांनी ऐकला असेल.

"अरुण्या, मले नोकरी आवडली म्हनून मी घेतली नाई. घेतली, मंग आवडली. पह्यल्या वर्षी मले पोट्ट्याइचा गोंगाट सहन नाई व्हाये. रोज सोडून द्याचं म्हनत व्हतो. आता सुट्टीत मले घर खायाले उठते. आवडनं मागून येते बाप्पा. तुह्यं बी तसंच झालं का नाई? का तू लहानपनापासून ग्रंथपाल व्हाचं सपन पाह्यत व्हता?"

नव्हतो पाहत. तू म्हणालास ते खरं होतं आणि अजून आहे. आवड शोधा, मनाचं ऐका असं सांगणारे व्याख्याते आमच्या कॉलेजात दर वर्षी येतात, मानधन घेतात आणि जातात. त्यांच्यापेक्षा तुझं म्हणणं जास्त पायांवर उभं होतं. मी तेव्हा एवढंच म्हणालो, "मागून येते, कबूल. पण तिला आधीच आली आहे. तिचं काय करायचं?" तू म्हणालास, "थे मले नाई माईत."

हा वाद तिथेच राहिला. तू उठलास, पैसे दिलेस, गाडीला किक मारलीस, बंद केलीस. हेल्मेट घातलेलंच होतं. त्यातून विचारलंस:

"चावतात काय बे थ्या माश्या?"

मी म्हटलं, "मधमाश्या आहेत. चावत असतील."

तू मान हलवलीस आणि मेडशीच्या रस्त्याला लागलास. त्यानंतर आपलं दोनदा फोनवर बोलणं झालं. एकदा तुरीच्या शेंगांवर अळी पडली त्याबद्दल, एकदा माझ्या गुडघ्याबद्दल. पोरीचा विषय तू काढला नाहीस. मीही काढला नाही. आपल्याला घाई नव्हती.

तुझ्या श्रद्धांजली सभेत मोठी अडचण झाली. शाळेच्या पटांगणात मंडप, हार, फोटो, सगळं होतं, फक्त सूत्रसंचालक नव्हता. तालुक्यात अशा प्रसंगी तुलाच बोलावतात. लोक एकमेकांकडे बघत बसले आणि माईक कुरकुरत राहिला. शेवटी अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. मी उभा राहिलो. एकाही वक्त्याचा पदस्पर्श मी पावन म्हटला नाही, त्यामुळे दोघे नाराज आहेत. तुझ्या अंतिम इच्छा एकेक करून माझ्याच हातून माईकवर आल्या: प्रवेशद्वार, सभागृह, धुरा. त्यानंतर एक माजी सभापती उठले आणि म्हणाले, ऋतुजाताई उपजिल्हाधिकारी होऊन याच पटांगणात येतील, तीच गुरुजींना खरी श्रद्धांजली ठरेल, अहो शेवटच्या क्षणी गुरुजींच्या ओठांवर तेच होतं. त्यांनी तिला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. मागे कोणीतरी टाळी वाजवली, आणि एकानं वाजवली की सगळे वाजवतात. तुझ्या फोटोसमोर उभी राहून ती टाळ्या संपायची वाट बघत होती. चेहरा फ्लेक्सवरच्या फोटोसारखाच.

सभापती तू गेलास तेव्हा नागपूरला होते. हे त्यांनीच नंतर जेवताना सांगितलं.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी तुझ्या घरी बसलो होतो. वहिनी भिंतीला टेकून होत्या. गेल्या तेरा दिवसांत त्या किती वेळा उठल्या-बसल्या असतील, ते त्यांच्या बसण्यातच दिसत होतं. ऋतुजा माझ्यासमोर येऊन बसली.

"काका, खरं सांगा. बाबा तुमच्याशी बोलले व्हते काय? माह्यं?"

वहिनी म्हणाल्या, "तुमाले तं सांगतच व्हते थे सगळं. हो म्हनले का नाई म्हनले, येवढं सांगा. मंग आमाले तसं करता येईन."

दिगंबर, त्या क्षणी फार सोपं होतं. सगळं गाव तुझ्या तोंडात वाक्यं घालत होतं. पाचवं मी घातलं असतं तर कोणाला कळलं असतं? 'शेवटी हो म्हणाला होता' एवढंच. पोर सुटली असती आणि वहिनींच्या मनावरचा भारही उतरला असता. सभापतींना मी जागच्या जागी मोडून काढलं असतं, कारण मी तुझा सर्वात जुना मित्र, माझ्याकडची अंतिम इच्छा सर्वात वजनदार. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मला एकच आड आलं. तू हो म्हणाला नव्हतास. आणि तू हो म्हणालास असं सांगितलं असतं तर पुढे जन्मभर ती पोरगी पेट्यांपाशीही तुझीच इच्छा पूर्ण करत बसली असती. म्हणजे फक्त फ्लेक्स बदलला असता.

म्हणून मी जसं झालं तसं सांगितलं. टपरी, बशी, आवडणं मागून येते ते, सगळं. आणि शेवटी तू काय विचारलंस ते.

ऋतुजानं विचारलं, "चावतात काय, असं?"

"असंच."

"मंग गेले?"

"मग गेला."

मला वाटत होतं, त्या प्रश्नात काहीतरी होतं. ज्याला गोष्ट मोडूनच काढायची आहे, तो असं विचारत नाही. पोरगी पेट्यांपाशी उभी आहे असं ज्याला दिसायला लागलं आहे, तो विचारतो. हे मी बोलूनही दाखवणार होतो, जरा बऱ्या शब्दांत. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "त्याइले लहानपनी आगे मोहळानं फोडलं व्हतं ना. मामाच्या वावरात. तोंड हे येवढं सुजलं व्हतं. तवापासून त्याइले माशीचं भेव. घरात गांधीलमाशी आली तं मले हाका मारत."

आपली चाळीस वर्षांची ओळख आणि हे मला माहीत नव्हतं. माझा अर्थ माझ्याजवळच राहिला. तुझ्या प्रश्नात बापाची माया होती, की मामाच्या वावरातलं मोहळ होतं, की दोन्ही, ते आता कोणी सांगणार नाही. आणि खरं सांगायचं तर तुला स्वतःलाही कदाचित सांगता आलं नसतं.

ऋतुजा आधी हसली. त्या घरात तेरा दिवसांत पहिल्यांदा कोणी हसलं असेल. हसता हसता तिला रडू आलं; वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याही. मी तुझ्या कपाटातल्या पुस्तकांकडे बघत बसलो. त्यातली दोन माझ्या ग्रंथालयाची आहेत.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "म्हंजे हो बी नाई अन् नाई बी नाई."

"नाही."

"मंग मलेच ठरवा लागन."

"हो."

"लय अवघड काम सांगता काका तुमी."

वहिनी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "काई ठरव. पन आधी बी.एस्सी. पुरी कर. त्याइनं फी भरली हाय." एवढी एकच अट त्या घरातून निघाली, आणि ती तुझ्या कुठल्याही अंतिम इच्छेपेक्षा मला जास्त तुझ्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी सभापती सांत्वनाला घरी आले आणि तिला भावी मॅडम म्हणाले. तिनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "काका, मी मुख्य नाई देत. मी मधमाश्या ठेवून राह्यली." सभापतींनी चहा पूर्ण घेतला. मग म्हणाले, "छान, छान. महिला उद्योजक. सत्कार ठेवू." ती म्हणाली, "आत्ताच नको. आधी माश्या तं येऊ द्या." तिथे तू असायला हवा होतास. माईक नसतानाही लोक तुझ्यासारखं बोलतात, हे तुला कळलं असतं. आणि तुझी मुलगी मुळीच तसं बोलत नाही, हेही. तसं न बोलणं ती कुठून शिकली असेल, तर घरात रोज उलटं ऐकूनच. हेही तुझंच देणं म्हणायचं.

मला तिच्या धंद्याची खात्री वाटते असं समजू नकोस. मला कशाचीच खात्री वाटत नाही, तुला माहीत आहे. कदाचित दोन वर्षांनी तीच माझ्या वाचनकक्षात येऊन बसेल आणि मी तिला स्पर्धा परीक्षेसाठी नकाशाचं पुस्तक काढून देईन. कदाचित तुझंच बरोबर ठरेल आणि आवडणं त्या नोकरीतही मागून आलं असतं. या वादात आता तुझी बाजू मलाच मांडावी लागते. मी ती तुझ्याइतकी चांगली मांडत नाही, पण प्रामाणिकपणे मांडतो, आणि बऱ्याच रात्री तूच जिंकतोस. तू असतास तर हे तुझ्यापाशी कबूल केलं नसतं.

तुला सांगायचं राहिलं होतं ते सांगून झालं. आता बातमी. मुख्यचा अर्ज भरायची मुदत परवा संपली. तिनं तो भरला नाही. आसेगावच्या त्याच शेतकऱ्याच्या ओळखीनं पेट्या आल्या आणि मेडशीच्याच एका कांद्याच्या वावराच्या कडेला ठेवल्या. गोंडे आत्ता कुठे फुटायला लागले आहेत. वहिनीही पाहायला आल्या होत्या, आणि आम्ही तिघं पेट्यांकडे बघत धुऱ्यावर उभे होतो. तो क्षण मोठा आहे असं मलाही वाटून गेलं.

एका पेटीतल्या सगळ्या माश्या काल उडून गेल्या.